वाचकांचे प्रश्न : होडीची नाळ (पुढचे टोक) जड करावी का?

प्रश्न : निवृत्तीनंतर मी १६ फुटी फायबरची शिडाची होडी घेतली. तिला एक मुख्य शीड, पुढे जिब हे लहान तिकोनी शीड, मध्ये पाण्यात उतरणारी व वर ओढून घेता येणारी फळी, म्हणजे सेंटरबोर्ड, आणि मागच्या फळीवर साधारण २५ किलो वजनाचे आउटबोर्ड इंजिन आहे. देवगडच्या खाडीत मी बहुधा एकटाच जातो. वारा मंद असला की होडी ओढल्यासारखी चालते, मागे पाणी खळखळत राहते, आणि टॅक घेताना, म्हणजे नाळ वाऱ्यातून पलीकडच्या बाजूला वळवताना, ती वाऱ्यासमोर येऊन थबकते व पुन्हा जुन्याच बाजूला ढकलली जाते. बंदरावरच्या एका जाणत्या माणसाने नाळेत १५ किलो वाळूचे पोते टाकण्यास सांगितले आहे. ते टाकावे का? टाकायचे तर नेमके कोठे?
— एक वाचक, देवगड

उत्तर : सल्ला देणाऱ्याने रोग बरोबर ओळखला आहे, औषधाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. आपण वर्णन केलेली तिन्ही लक्षणे एकाच कारणाची आहेत, आणि ते कारण म्हणजे होडी मागे बसलेली असणे. मागची आडवी फळी पाण्यात बुडाली की होडीखालून आलेले पाणी तिच्यापासून सुटून न जाता भोवरे करीत मागे ओढले जाते. ती खळखळ म्हणजे आपल्या वेगातून वजा होणारी शक्ती आहे. त्याच वेळी नाळेचा पाण्यात रुतणारा धारदार भाग वर उचलला जातो. टॅक घेताना नाळेने पाणी धरून ठेवले तरच ती वाऱ्यातून पलीकडे जाते. आपल्या नाळेला धरायला पाणीच पुरेसे उरलेले नाही, उलट तिच्या उंचावलेल्या कपाळावर वारा बसतो, आणि आधीच मंदावलेली होडी तिथेच अडते. भर वाऱ्यात हा दोष कमी जाणवतो, कारण तेव्हा होडीच्या अंगात टॅक पुरी करण्याइतका वेग असतो.

पोते टाकण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. फायबरच्या पुष्कळ होड्यांना दुहेरी तळ असतो आणि आतल्या पोकळीत किंवा तिथे भरलेल्या फोममध्ये, वरून काहीही न दिसता, पाणी साचते. समुद्राचे पाणी लिटरला एक किलोहून थोडे अधिकच भरते, म्हणजे दोन बादल्या पाण्याने वीसेक किलोचा बोजा सहज होतो. आणि मागे कललेल्या होडीत हे पाणी वाहत मागेच जाऊन बसते. होडी वाळूवर ओढून, नाळ उंच करून, मागचे बूच काढून अर्धा दिवस तशीच ठेवावी. पाणी आले तर आपला प्रश्न आधी गळतीचा आहे, वजनाचा नंतर. माझ्या पाहण्यातल्या मागे बसणाऱ्या होड्यांपैकी काहींचे दुखणे एवढ्यानेच बरे झाले.

आता हिशेबाकडे वळू. होडी पुढे कलणार की मागे हे केवळ वजनावर ठरत नाही. वजनाला मध्यापासूनच्या अंतराने गुणून जे येते त्यावर ठरते. जत्रेतल्या झोक्याच्या फळीवर हलके मूल टोकाला बसून जड मुलाला उचलते, तोच हा न्याय आहे. आपल्या होडीचा मध्य हा शून्य धरू. पोते १५ किलोचे आहे आणि नाळेच्या टोकाशी, म्हणजे मध्यापासून २.१ मीटर पुढे ठेवले, तर त्याचा प्रभाव १५ गुणिले २.१, म्हणजे सुमारे ३१ होतो. तो लक्षात ठेवून होडीत आधीच असलेल्या वस्तू पाहाव्यात. आपले वजन ७८ किलो आहे असे धरू आणि सुकाणूचा दांडा हाती धरून आपण मध्यापासून दीड मीटर मागे बसता असे मानू. आपण केवळ ६० सेंटीमीटर पुढे सरकलात की ७८ गुणिले ०.६, म्हणजे ४७ इतका फरक पडतो. पेट्रोलची भरलेली टाकी १२ किलोची आणि मागच्या फळीजवळ, दोन मीटरवर असेल. ती मध्याच्या जवळ, ३० सेंटीमीटरपर्यंत आणली की आणखी २० मिळाले. नांगर आणि साखळी मिळून ९ किलो, मागच्या खणात १.८ मीटरवर पडलेली. ती डोलकाठीच्या किंचित पुढे, मध्यापासून १.२ मीटरवर नेली की ९ गुणिले ३, म्हणजे २७. बेरीज ९४ होते. होडीत एक किलोचीही भर न घालता पोत्याच्या जवळजवळ तिप्पट गुण पदरात पडतो, आणि नांगर जिथे हाताशी हवा तिथे येतो तो फायदा वेगळाच.

पुढे सरकून बसायचे तर सुकाणू हातात कसे राहणार, असे आपण विचाराल. सुकाणूच्या दांड्याला टोकाशी सर्व बाजूंना फिरणारा एक जोडदांडा लावून घ्यावा. लहान शर्यतीच्या होड्यांना तो असतोच. हलक्या ॲल्युमिनियमच्या नळीचाही चालतो. माझ्या मते एकट्याने शीड हाकणाऱ्या माणसासाठी यापेक्षा स्वस्त आणि गुणकारी सुधारणा नाही. पेट्रोलच्या टाकीची नळी तेवढी लांब पुरते का, आणि टाकी उघड्या हवेशीर जागी बसते का, हे पाहूनच ती हलवावी. इंजिन काढून तळाशी मध्यावर आडवे ठेवण्याची सवय काहींना असते. त्याने ६०च्या आसपास प्रभाव एकदम कमी होतो, पण खाडीच्या मुखाशी वारा पडल्यावर इंजिन तळाशी बांधलेले असणे मला मुळीच पसंत नाही.

एवढे सगळे करूनही होडी मागे बसली तर, आणि तरच, वजन घालावे. तेही टोकाच्या खणात नव्हे. होडी लाटेवर पुढून-मागून डोलते तेव्हा टोकाच्या वजनाचा त्रास अंतराच्या वर्गाने वाढतो. १५ किलो वजन २.१ मीटरवर असेल तर हा त्रास १५ गुणिले २.१ गुणिले २.१, म्हणजे ६६. तेच वजन डोलकाठीच्या बुंध्याशी, १.२ मीटरवर आणले तर २२. वजनाचा नाळ दाबण्याचा गुण निम्म्याहून थोडा अधिक शिल्लक राहतो, पण लाटेत आपटण्याचा दोष तिसऱ्या हिश्शावर येतो. म्हणून जागा डोलकाठीच्या बुंध्यालगत, अगदी तळाशी, मध्यरेषेवर निवडावी.

कशाचे वजन, हा प्रश्न लोक सर्वांत शेवटी विचारतात. माझ्या मते तो पहिला आहे. वाळू ओली झाली की जड होते, पोते फाटले की पाणी उपसण्याच्या वाटा आणि बुचाचे भोक बुजवते, आणि होडी पाण्याने भरली तर तिला खाली ओढते. शिसे पाण्याच्या सव्वाअकरा पट घन असते. १० किलो शिसे एक लिटरहूनही कमी जागेत मावते, हे सोयीचे खरे, पण होडी भरली तर त्यातले नऊ किलोंहून अधिक वजन तसेच खाली ओढत राहते. याउलट गोड्या पाण्याने काठोकाठ भरून घट्ट बूच लावलेला २० लिटरचा प्लास्टिकचा कॅन समुद्राच्या पाण्यात ना बुडतो ना धड तरंगतो. होडी कोरडी असताना तो पूर्ण वजनाचे काम करतो आणि होडी भरल्यावर जवळजवळ शून्य होतो. शिवाय सोबत कोणी आले की ते पाणी ओतून टाकता येते. कॅन अर्धा भरू नये, कारण आत हिंदकळणारे पाणी उलट्याच वेळी उलट्याच बाजूला पळते. कमी वजन हवे असेल तर कॅन लहान घ्यावा. आणि तो पट्ट्याने बांधावा. सैल वजन हे होडी कलंडताना नेहमी खालच्या बाजूला घसरते.

परीक्षा अशी करावी. थंडीच्या दिवसांत पहाटेचा मतलई (जमिनीकडून येणारा) वारा उतरल्यावर आणि दुपारचा दर्यावरचा वारा सुरू होण्यापूर्वी, भरती संपून पाणी काही वेळ ठेपलेले असते अशी वेळ साधावी. होडीच्या नाळेवर आणि मागच्या फळीवर रंगीत चिकटपट्टीने पाण्याची रेघ खूण करून घ्यावी. आपण नेहमी बसता तिथे बसावे आणि धक्क्यावरून कोणाला तरी होडीचा बाजूने फोटो काढायला सांगावे. बसल्या जागेवरून होडीचा कल कोणालाच खरा दिसत नाही. मागच्या फळीची खालची कड पाण्याला जेमतेम टेकलेली दिसली की मंद वाऱ्यापुरते काम झाले. तिथून पुढे नाळ आणखी दाबण्याचा मोह टाळावा.

याचे कारण सुकाणूत आहे. नाळ खाली गेली की पाण्यातला आडवा विरोध पुढे सरकतो आणि होडी वाऱ्याकडे तोंड वळवू पाहते. थोडी अशी ओढ चांगलीच. दांडा सोडल्यावर होडीने आपणहून सावकाश वाऱ्याकडे वळून थांबावे, ही एकट्या माणसासाठी सुरक्षिततेची गोष्ट आहे. पण दांडा सतत छातीकडे ओढून धरावा लागत असेल, तर तिरपे राहिलेले सुकाणू ब्रेकसारखे काम करीत असते. तसे झाले तर कॅन कमी करावा, सेंटरबोर्ड थोडा वर घेऊन मागे झुकवावा, किंवा डोलकाठी किंचित पुढे आणावी. हे तिन्ही उपाय एकाच दिवशी करून पाहू नयेत, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. आणि टॅक घेताना क्षणभर पुढे झुकून, जिब नवीन बाजूला लगेच न ओढता जुन्याच बाजूला वाऱ्याने फुगू द्यावी; ती नाळेला पलीकडे ढकलते. आपली निम्मी तक्रार कदाचित एवढ्यानेच मिटेल.


प्रश्न : आमच्या आजोबांच्या शिडाच्या होडीत रिकामे परतताना तळाशी दगड भरीत, हे मी लहानपणी पाहिले आहे. त्यांना कोणी धोका सांगितला नाही. मग आजच्या फायबरच्या होडीतच दगड किंवा वाळू का नको म्हणतात?
— एक वाचक, मालवण

उत्तर : आपले आजोबा जे भरीत त्याला निरम म्हणतात, आणि तो शब्द आता बंदरावरही क्वचितच ऐकू येतो. मालवाहू गलबत किंवा मचवा भरलेल्या मालासाठी घडवलेला असे. माल उतरला की त्याच्या उंच डोलकाठीला आणि लांबलचक परबाणाला (शीड बांधायच्या आडव्या काठीला) तोलून धरणारे वजन नाहीसे होई, म्हणून ते दगडांनी भरून काढीत. म्हणजे निरम ही मूळच्या वजनाची परतफेड होती. आपल्या लहान होडीत घातलेले पोते ही हिशेबाबाहेरची भर असते. शिवाय निरम तळभर, मध्याच्या दोन्ही अंगांना पसरून रचीत. नाळेच्या टोकात कोंबीत नसत.

दुसरा फरक लाकडाचा. साग, आंबा, उंडी ही पाण्याहून हलकी लाकडे. लाकडी होडी पाण्याने भरली आणि खलाशांनी दगड फेकून दिले की ती काठापर्यंत बुडूनही तरंगत राहते आणि माणसांना धरायला काहीतरी उरते. फायबर आणि राळ यांचा थर पाण्याच्या सुमारे दीडपट घन असतो. आत फोम किंवा हवाबंद खण नसेल तर भरलेली फायबरची होडी आपल्याच वजनाने तळ गाठते, आणि त्यात घट्ट बांधलेले दगड असतील तर पाहायलाच नको. आपल्याकडे उलांडीची, म्हणजे एका बाजूला आडव्या दांड्यांवर तरंगते लाकूड बांधलेली, होडी असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचा आडवा आधार उलांडीवर असतो आणि अरुंद नाळेत तरंगण्याची ताकद थोडी असते. तिथे दहा किलोही मोठ्या होडीतल्या पन्नास किलोंसारखे बोलतात.

जुन्या कारागिरांनी नाळेचा प्रश्न वजनाने नव्हे, घडणीने सोडवला होता, हे मला या सगळ्यात अधिक शिकण्यासारखे वाटते. आपल्या किनाऱ्यावरच्या तिरप्या परबाणाच्या होड्यांची डोलकाठी पुढे झुकलेली दिसते. तिच्यामुळे परबाण डोलकाठीपासून मोकळे लोंबते, आणि शिडाचा जोर कोठे पडावा हेही ती झुकवतानाच ठरते. आज आपण दोरी आवळून डोलकाठी दोन बोटे पुढे-मागे करतो तेव्हा त्याच युक्तीची लहान आवृत्ती वापरीत असतो.


प्रश्न : दाभोळ खाडीत दुपारी वारा पाठीवर घेऊन परतताना आमच्या होडीची नाळ लाटेत घुसते. मग उलट मागेच वजन ठेवावे का?
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : ठेवू नये. पण आपल्या प्रश्नामुळे वरच्या उत्तरातली एक गोष्ट पुरी करता येते. मंद वाऱ्यात होडीला पुढचे वजन हवे असते, जोराच्या पाठवाऱ्यात मागचे. एका जागी बांधलेले वजन या दोन्ही वेळी बरोबर असूच शकत नाही. जागा बदलू शकणारे वजन फक्त माणसाचे असते. वारा पाठीवर आला आणि वाढला की सर्वांनी मागे सरकावे, सेंटरबोर्ड निम्म्याहून अधिक वर घ्यावा, आणि शीड वेळेवर लहान करावे. शीड लहान करावे का, असा विचार मनात येतो तीच ती वेळ असते.

खाडीच्या मुखाशी हे अधिक महत्त्वाचे आहे. दुपारी वारा समुद्राकडून आत येतो; त्याच वेळी ओहोटी लागलेली असेल तर बाहेर धावणारे पाणी त्या वाऱ्याला भिडते, लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि पाठीवरच्या वाऱ्याने एका लाटेच्या उतारावरून धावणारी होडी पुढच्या लाटेच्या पाठीत नाळ खुपसते. बऱ्याच वर्षांपूर्वी जयगडच्या मुखाशी मी नेमके हेच केले. त्या मोसमात मी मोठ्या हौसेने नाळेच्या खणात वाळूची दोन पोती ठेवली होती आणि मंद वाऱ्यात होडी काय सुरेख चालते हे भेटेल त्याला सांगत होतो. त्या दुपारी नाळ एकदा घुसली ती वर यायला इतका वेळ लागला की पुढून आलेले पाणी माझ्या मांडीपर्यंत चढले. मागचे सुकाणू पाण्याबाहेर निघाले आणि होडी आडवी फिरली. पोती काढून फेकावीत तर ती नाळेत, आणि नाळेकडे जाणे म्हणजे तिला आणखी बुडवणे. सोबतच्या मुलाने मुख्य शीड सोडून दिले म्हणून आम्ही उलटलो नाही. पुढचा तास पाणी उपसण्यात गेला. त्या पोत्यांतली वाळू मी आवारातल्या नारळाच्या आळ्यात टाकली आणि तेव्हापासून नाळेच्या खणात जीवरक्षक जाकिटे सोडून काही ठेवीत नाही.

शक्य असेल तर परतण्याची वेळ भरतीवर धरावी. वारा आणि पाणी एकाच दिशेने चालले असताना तेच मुख निम्मे शांत असते.


प्रश्न : माझी ११ वर्षांची मुलगी ऑप्टिमिस्ट ही मुलांची लहान शिडाची होडी चालवायला शिकते. ती हलकी आहे आणि नेहमी मागे पडते. शर्यतीच्या दिवशी होडीत पुढे थोडे वजन ठेवले तर चालेल का?
— एक पालक, अलिबाग

उत्तर : चालणार नाही. शर्यतीच्या नियमांनुसार होडीचा कल किंवा स्थैर्य बदलण्यासाठी पाणी अथवा वजन हलवता येत नाही. रिकामी होडी ठरलेल्या किमान वजनाहून हलकी भरली तरच वर्गाच्या नियमांनी सांगितलेल्या जागी पूरक वजन पक्के बसवतात. ऑप्टिमिस्टच्या सांगाड्याचे हे किमान वजन ३५ किलो आहे. आपल्या मुलीचे वजनही त्याच घरात असेल, म्हणजे होडीतले सर्वांत मोठे आणि सर्वांत हलते वजन ती स्वतःच आहे.

मागे पडण्याचे कारण बहुधा ती कोठे बसते यात सापडेल. नवशिकी मुले सुकाणूजवळ, मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसतात. तिथे त्यांना सुरक्षित वाटते. मंद वाऱ्यात तिने मधल्या आडव्या बाकाला अगदी टेकून बसावे, म्हणजे मागची कड पाण्यातून मोकळी होते. लाटा असतील तेव्हा तिने एक वीत मागे यावे, कारण ऑप्टिमिस्टची नाळ टोकदार नसून आडवी, चपटी असते आणि ती लाटेवर सपाट आपटली की होडी जागीच थांबते. पाठवाऱ्यात आणखी मागे. हे तिला सांगून समजणार नाही. किनाऱ्यावरून दोन-चार फेऱ्यांचे चित्रीकरण करून दाखवावे, मुले स्वतःचा दोष पडद्यावर चटकन ओळखतात.

आणि पाणी उपसण्याचे डबडे दोरीने बांधलेले आहे ना, हे पाहावे. ऑप्टिमिस्टमधून पाणी आपोआप बाहेर जात नाही. तळाशी साचलेले १० लिटर पाणी म्हणजे होडीच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक बोजा, आणि तोही नाळ वर उचलली की मागे आणि खाली बसली की पुढे धावणारा. मुले घोट्यापर्यंत पाणी आले तरी शर्यतीच्या नादात उपसत नाहीत. वळणाच्या खुणेआधी, वारा बगलेवर असताना, एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्याने उपसण्याचा सराव तिला येत्या रविवारी करायला लावावा.